सहामाहीचा निकाल

दिवाळीच्या आगेमागे आपल्या घरांत दोन निकाल येतात. पहिला मुलांच्या सहामाही परीक्षेचा. तो आला की प्रगतिपुस्तक आजोबांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सर्वांच्या हातून फिरते. गणितात सहा गुण कोठे गेले याचा पंचनामा होतो, आणि पेपरच कठीण होता की चिरंजीव मैदानावर होते, याची साक्षीपुराव्यासह चौकशी होते. दुसरा निकाल कंपन्यांचा; सप्टेंबरअखेर संपलेल्या तिमाहीचा आणि सहामाहीचा. तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येतो आणि आपण त्यातला एकच आकडा पाहतो. नफा किती? गेल्या वर्षापेक्षा जास्त ना? मग झाले तर! चकलीचे ताट पुढे ओढावे.

पोराच्या सहा गुणांची आपण जेवढी चौकशी करतो, तिच्या दशांशाने जरी त्या नफ्याची केली असती, तर आजचा लेख लिहिण्याची पाळी माझ्यावर आली नसती.

या सदराचे नेहमीचे वाचक विचारतील, "मराठीच्या मास्तरांनी हे नफ्यातोट्याचे दुकान कधीपासून मांडले?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र थोडे लाजिरवाणे आहे. हा विषय मी शिकलो तो एक मराठमोळी चूक करून. एक वाक्य मी वाचले नाही, आणि त्याची किंमत दुसऱ्याने भरली.

गोष्ट काही वर्षांपूर्वीच्या पाडव्याची. माझे थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, नुकतेच निवृत्त झाले होते. फंडाचे पैसे आले होते. बहुतेक रक्कम त्यांनी बँकेत आणि पोस्टात ठेवली. पण तीन लाख बाजूला काढले होते. वहिनींचे दोन्ही गुडघे कुरकुरू लागले होते, आणि वर्षा-दीड वर्षात शस्त्रक्रिया करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले होते. तोवर हा पैसा नुसता पडून राहण्यापेक्षा थोडा वाढला तर बरे, असा दादांचा साधा विचार. ओवाळणी झाल्यावर त्यांनी खिशातून एक कात्रण काढून माझ्यापुढे ठेवले.

"हे बघ. या कंपनीचा नफा गेल्या वर्षीच्या याच तिमाहीपेक्षा चाळीस टक्क्यांनी वाढलाय. तू एवढा शिकलेला, तुला काय वाटतं?"

मी कात्रण पाहिले. म्हणजे, ठळक टाइपात जे होते ते पाहिले. खाली मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांत चार-पाच टिपा होत्या. त्या मी पाहिल्या, वाचल्या नाहीत. म्हणालो, "उत्तम आहे की, दादा! कंपनी जुनी, नफा वाढता. घ्या तुम्ही."

दादांनी घेतले. पुढच्या दोन तिमाह्यांत नफा जिथल्या तिथे राहिला, बाजाराचा हिरमोड झाला आणि भाव तिसऱ्या हिश्श्याने उतरला. त्याच सुमारास शस्त्रक्रियेची तारीख आली. तिनाचे दोन होऊन आले. उरलेल्या एका लाखासाठी मुदतठेव मोडावी लागली. वहिनी यावर एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा तेव्हा सी. ए. होण्यासाठी एका फर्ममध्ये उमेदवारी करीत होता. त्याच्यापुढे मी ते कात्रण टाकले आणि म्हटले, "बघ रे, कशी फसवणूक करतात लोक!"

त्याने ठळक आकड्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. थेट तळाशी गेला आणि म्हणाला, "मामा, चौथी टीप वाचली होतीत का? यात फसवणूक कुठं आहे? त्यांनी तर सगळं सांगितलंय."

चौथ्या टिपेचा मथितार्थ असा होता की, कंपनीने आपल्या यंत्रांच्या उपयुक्त आयुष्याचा फेरविचार केला आहे, आणि त्यामुळे या तिमाहीचा घसारा अमुक रकमेने कमी झाला आहे. भाच्याने ती रकम नफ्यातून वजा करून दाखवली. चाळीस टक्के वाढीतली जेमतेम पाच-सहा टक्के शिल्लक राहिली. बाकीची वाढ कारखान्यात झाली नव्हती. ती कागदावर झाली होती, आणि तीही नियमाला धरून. वीस वर्षे मी मुलांना सांगत आलो आहे की तळटिपा वाचल्याशिवाय पुस्तक वाचले म्हणू नका. तो उपदेश त्या दिवशी माझ्या भाच्याने, एक अक्षर न उच्चारता, मला परत केला.

तेव्हापासून मी हा विषय त्याच्याकडून समजून घेत आलो. जे समजले ते घरच्या भाषेत सांगतो.

आमच्या घरी हिशेबाची वही सौ.च्या ताब्यात असते. समजा, महिन्याच्या पंधरा तारखेला मी विचारले, "काय, शिल्लक किती?" पाकिटात आठ हजार रुपये आहेत. पण आठ हजार हे उत्तर खरे नव्हे. पंधरा दिवसांचे दूध पिऊन झाले आहे, त्याचे पैसे एक तारखेला द्यायचे आहेत. वीज जळली आहे, बिल यायचे आहे. कामाच्या बाईंचे अर्ध्या महिन्याचे काम झाले आहे, पगार व्हायचा आहे. तेव्हा आधी ठरवावे लागते की खर्च पैसे दिल्याच्या दिवशी मांडायचा की वस्तू वापरल्याच्या दिवशी. हे जे ठरवणे, ते हिशेबाचे धोरण. ते एकदा ठरवले की दर महिन्याला तेच पाळायचे. मग दुसरा प्रश्न. जळलेल्या विजेचे बिल किती येईल? सौ. म्हणते, उन्हाळा आहे, पंखे चालू आहेत, निम्मा महिना झाला, तेव्हा धरा नऊशे. हा झाला अंदाज.

धोरण आणि अंदाज या दोन गोष्टींत जो फरक, त्यावर सारी इमारत उभी आहे. धोरण म्हणजे मोजण्याची पट्टी. अंदाज म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही त्याची पट्टीने केलेली अदमासे मोजणी. पट्टीच बदलली, तर मागच्या महिन्याचा हिशेबही नव्या पट्टीने पुन्हा मांडून दाखवला पाहिजे. नाहीतर दोन महिन्यांची तुलनाच होणार नाही. पण अंदाज चुकला, म्हणजे नऊशे धरले आणि बिल साडेबाराशेचे आले, तर जुनी पाने फाडायची नाहीत. त्या वेळी जे माहीत होते त्यावरून प्रामाणिकपणे अंदाज केला होता. आता नवे कळले, म्हणून फरक आताच्या हिशेबात घ्यायचा आणि पुढे चालायचे. आणि तिसरा प्रकार म्हणजे चूक. पाच दिवसांचे दूध लिहायचेच राहून गेले, तर तो अंदाज नव्हे. ती माहिती त्याही दिवशी घरातच होती. चूक जिथे झाली तिथे मागे जाऊनच दुरुस्त केली पाहिजे.

कंपन्यांचा कायदा याहून वेगळे काही सांगत नाही. भारतीय लेखा मानक क्रमांक ८ मध्ये हीच तीन खाती आहेत : धोरण बदलले तर सर्वसाधारणपणे मागचे आकडे नव्याने मांडा, अंदाज बदलला तर पुढे चाला, चूक सापडली तर मागे जाऊन सुधारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हिशेबी अंदाज म्हणजे काय याची व्याख्याही त्यात घातली आहे. जी रक्कम नक्की मोजता येत नाही, अनिश्चिततेसहच मोजावी लागते, ती अंदाजाची रक्कम. बुडीत जाईल अशी उधारी, पडून राहिलेल्या मालाची विक्रीची किंमत, कामगारांना पुढे द्यावी लागणारी ग्रॅच्युइटी, दिलेल्या हमीपोटी येणारा दुरुस्तीखर्च, आणि यंत्राचे आयुष्य, हे सगळे अंदाजच.

आता दादांच्या कंपनीचे काय झाले ते सोप्या आकड्यांत पाहू. समजा, एक यंत्र १२ कोटींना घेतले. ते दहा वर्षे चालेल असे धरले. म्हणजे दर वर्षी १ कोटी २० लाख घसारा, आणि दर तिमाहीला ३० लाख. चार वर्षे झाली. ४ कोटी ८० लाख झिजले, ७ कोटी २० लाख उरले. आता कंपनी म्हणते, यंत्र ठणठणीत आहे, आणखी सहा नव्हे, बारा वर्षे चालेल. उरलेले ७ कोटी २० लाख बारा वर्षांत वाटले की वर्षाला ६० लाख, तिमाहीला १५ लाख. म्हणजे या तिमाहीपासून नफा दर तिमाहीला १५ लाखांनी वाढला. एक खिळाही जास्त विकलेला नाही. एक रुपयाही पेटीत जास्त आलेला नाही. आणि हा अंदाजातला बदल असल्यामुळे मागची चार वर्षे जशीच्या तशी राहतात; गेल्या वर्षीच्या तिमाहीत ३० लाखांचा घसारा, या वर्षी १५ लाखांचा, आणि आपण भोळसटपणे दोन्ही नफे शेजारीशेजारी ठेवून टक्के काढतो. घसारा काढण्याची पद्धत बदलली, तरी ती मानकाप्रमाणे अंदाजातच मोडते. त्यामुळे तेथेही मागचे आकडे बदलत नाहीत.

हे लबाडीचे आहे का? असेलच असे नाही. यंत्र खरोखर सोळा वर्षे चालणार असेल, तर त्याला दहा वर्षांत मारून टाकणे हाच खोटेपणा. उलट दर वर्षअखेरीस आयुष्याचा फेरविचार करा, असे मानकच सांगते. प्रश्न एवढाच की हे बदलले कोणी, कोणत्या पुराव्यावर, कधीपासून आणि त्याने किती फरक पडला. भाषेचा मास्तर म्हणून मला येथे एक गोष्ट खटकते. अशा टिपांतली वाक्ये बहुधा कर्मणी असतात. 'फेरविचार करण्यात आला', 'तरतूद कमी करण्यात आली'. कर्ता कोठेतरी पडद्याआड उभा असतो. वाक्यात कर्ता दिसला नाही की तो शोधावा, हे आपण व्याकरणाच्या तासाला शिकतो. टीप वाचताना विसरतो.

बरे, हे सगळे वार्षिक हिशेबातही असते. मग तिमाही-सहामाहीचे एवढे स्तोम का? कारण मधल्या हिशेबात अंदाजाचे प्रमाण जास्त असते. शाळेच्या सहामाहीला सबंध पुस्तक येत नाही, तसेच येथेही. वर्षअखेरीस गोदामातला माल मोजतात, ग्रॅच्युइटीचे गणित तज्ज्ञाकडून करून घेतात, लेखापरीक्षक कागदन् कागद तपासतो. तिमाहीला एवढा वेळ नसतो. सेबीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला पहिल्या तीन तिमाह्यांचे निकाल ४५ दिवसांत द्यावे लागतात. वर्षाच्या निकालाला ६० दिवस मिळतात. म्हणूनच सप्टेंबरचे निकाल १४ नोव्हेंबरच्या आत येतात आणि फराळाच्या ताटाशी त्यांची गाठ पडते. त्यांवर लेखापरीक्षकाची सही असते, पण बहुधा ती 'मर्यादित पुनरावलोकना'ची. त्याने प्रश्न विचारलेले असतात, आकडे एकमेकांशी ताडून पाहिलेले असतात; पूर्ण तपासणी केलेली नसते. डॉक्टरांनी नाडी पाहिली, क्ष-किरण काढले नाहीत, असे समजा.

मधल्या हिशेबासाठी भारतीय लेखा मानक क्रमांक ३४ आहे. त्याचे सूत्र मला फार आवडले. जी धोरणे वर्षाच्या हिशेबाला, तीच मधल्या हिशेबाला. जूनमध्ये एक पट्टी आणि मार्चमध्ये दुसरी, असे चालायचे नाही. आणि बदललीच तर सांगा. शिवाय कंपनी वर्षातून दोनदा हिशेब देते की चारदा, यावर वर्षाचा निकाल अवलंबून असता कामा नये. म्हणून दर वेळी मोजणी वर्षारंभापासून त्या दिवसापर्यंतची करायची. याचा एक परिणाम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जूनमध्ये केलेला अंदाज सप्टेंबरमध्ये बदलला, तर त्याची दुरुस्ती सप्टेंबरच्या तिमाहीतच पडते. तेव्हा सप्टेंबरच्या तिमाहीचा नफा निव्वळ त्याच तीन महिन्यांचा असतोच असे नाही. त्यात जूनची परतफेड मिसळलेली असू शकते.

खर्चाचेही असेच. दिवाळीचा बोनस घ्या. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के ठरवला, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. नव्या वेतनसंहितेतही तोच आकडा आहे. तो देणे कायद्याने बांधलेले असल्यामुळे तो दिवाळीच्या महिन्यात एकदम खर्ची टाकत नाहीत. काम होईल तसा तिमाहीगणिक धरतात. पण फेब्रुवारीत कारखाना बंद ठेवून मोठी डागडुजी करण्याचा नुसता बेत असेल, तर तो खर्च जूनमध्ये धरता येत नाही. बेत म्हणजे देणे नव्हे. उत्पन्नही असे आधी ओढून घेता येत नाही की पुढे ढकलता येत नाही. छत्र्या पावसाळ्यात खपतात. छत्रीवाल्याने जूनचा नफा जानेवारीला वाटून द्यायचा नाही. म्हणूनच या तिमाहीची तुलना मागच्या तिमाहीशी न करता गेल्या वर्षीच्या याच तिमाहीशी करतात. आयकर मात्र सबंध वर्षाचा सरासरी दर काय पडेल, त्या अंदाजाने दर तिमाहीला लावतात.

आणि मार्चची तिमाही? ती तर बहुधा वजाबाकी असते. सबंध वर्षाच्या तपासलेल्या हिशेबातून पहिल्या नऊ महिन्यांचे आकडे वजा करायचे, उरेल ती चौथी तिमाही. निकालाच्या टिपांत हे लिहिलेलेही असते. आधीच्या तीन तिमाह्यांत जे अंदाज सैल धरले गेले असतील, त्या सर्वांचा भार या शेवटच्या वजाबाकीवर येऊन पडतो. सहामाहीला पोराने मारलेल्या बढाया वार्षिक परीक्षेत कशा उतरतात, हे आपण जाणतोच.

मधल्या हिशेबातला अंदाज किती महाग पडू शकतो याचे एक परदेशी उदाहरण सांगतो, कारण ते नेमके सहामाहीचेच आहे. इंग्लंडात टेस्को नावाची किराणा मालाच्या दुकानांची प्रचंड मोठी कंपनी आहे. २९ ऑगस्ट २०१४ रोजी तिने जाहीर केले की सहामाहीचा नफा सुमारे ११० कोटी पौंड होईल. चार आठवडेही झाले नाहीत तोच, २२ सप्टेंबरला, तिनेच सांगितले की तो आकडा सुमारे २५ कोटी पौंडांनी फुगलेला होता. पुढे तपासाअंती फुगवटा २६.३ कोटींचा निघाला, त्यातले ११.८ कोटी त्या सहामाहीचे, बाकीचे आधीच्या काळातले.

फुगला कसा? मोठ्या दुकानदाराला माल पुरवणारे लोक वर्षभरात अमुक इतका खप झाला तर सूट देतात, फळीवर मोक्याची जागा दिल्याबद्दल पैसे देतात. आता सहामाहीला हिशेब करताना वर्षाचा खप किती होईल आणि सूट किती मिळेल, याचा अंदाज करणे भाग असते, आणि सूट मिळण्याचा पुरेसा संभव असेल तर ती धरायला मानकाची मुभाही आहे. टेस्कोत अशी येणी वेळेआधी धरली गेली आणि काही खर्च उशिरा धरले गेले. आमच्या सौ.ने पंधरा तारखेलाच पुढच्या महिन्याचा माझा पगार जमा दाखवावा आणि विजेचे बिल पुढच्या महिन्यात ढकलावे, तसे. बातमीच्या दिवशी शेअरचा भाव दहा टक्क्यांहून अधिक कोसळला. २०१७ मध्ये कंपनीच्या एका उपकंपनीने सरकारी वकिलांशी करार करून १२.९ कोटी पौंडांचा दंड मान्य केला. तिघा अधिकाऱ्यांवर खटले झाले, ते तिघेही निर्दोष सुटले. आणि २९ ऑगस्ट ते १९ सप्टेंबर या तीन आठवड्यांत त्या आकड्यावर विसंबून ज्यांनी शेअर घेतले होते, त्यांच्या भरपाईसाठी सुमारे ८.५ कोटी पौंडांची योजना झाली.

आपल्याकडचे सत्यम् प्रकरण याहून निराळे. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात त्या कंपनीच्या अध्यक्षांनीच लिहून दिले की सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत ६४९ कोटींचा कामकाजी नफा दाखवला, तो प्रत्यक्षात ६१ कोटी होता; आणि वह्यांतली ५,०४० कोटींची रोकड व बँकशिल्लक अस्तित्वातच नव्हती. बँकेतली शिल्लक हा अंदाजाचा विषयच नव्हे. ती असते किंवा नसते. तेथे कितीही टिपा वाचल्या असत्या तरी सामान्य माणसाला काही कळले नसते. अशा ठिकाणी लेखापरीक्षक, संचालक आणि कायदा यांनीच राखण करायची असते. ती न झाली तर दोष वाचकाचा नव्हे.

पण दादांची कंपनी यांपैकी कशातच बसत नाही. तिने खोटी शिल्लक दाखवली नव्हती, वेळेआधी उत्पन्न धरले नव्हते. तिने अंदाज बदलला, बदलला असे सांगितले, किती रकमेने ते सांगितले. म्हणून दादांना भरपाई देणारी योजना कोठेही नाही, आणि ती असावी असे मला म्हणताही येत नाही. तिने खरे सांगितले होते, बारीक अक्षरात. मी चष्मा घातला होता, तरी वाचले नाही.

आता मी असा निकाल हाती आला की उलट्या बाजूने वाचतो. आधी टिपा. त्यांत 'धोरण', 'अंदाज', 'उपयुक्त आयुष्य', 'तरतूद' यांपैकी एखादा शब्द 'बदल' किंवा 'फेर' या शब्दाच्या शेजारी दिसला की पेन्सिल काढतो. बदलामुळे किती रक्कम इकडची तिकडे झाली ते पाहतो, ती वजा करून नफा पुन्हा मांडतो आणि मगच गेल्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करतो. मग पाहतो की अंदाज कोणत्या दिशेने बदलतात. प्रामाणिक माणसाचा अंदाज कधी जास्त चुकतो, कधी कमी. ज्याचा प्रत्येक अंदाज त्याच्याच फायद्याच्या बाजूला चुकतो, त्याच्या तराजूखाली एकदा हात घालून पाहावा. शेवटी सप्टेंबरच्या निकालासोबत रोकडीचे पत्रक येते, ते नफ्याच्या शेजारी ठेवतो. घसारा कमी केल्याने नफा वाढतो, पेटीतली रोकड वाढत नाही. नफा वर्षानुवर्षे वाढतो आहे आणि धंद्यातून रोकड मात्र येत नाही, असे दिसले तर ती कंपनी आपल्यासाठी नव्हे. आणि हे सारे करूनही एक नियम राहतोच, तो वहिनींच्या गुडघ्यांनी शिकवला. ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे, तो पैसा तिमाहीच्या आकड्यावर लावू नये.

पूर्वी आपल्याकडच्या पुष्कळ व्यापाऱ्यांचे वर्ष दिवाळीला संपे. १९८९ पासून प्राप्तिकरासाठी सर्वांनाच ३१ मार्चला वर्ष संपवावे लागते. तरीही लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वही पुजली जाते. तिच्यावर हळदकुंकू वाहून पहिल्या पानावर 'श्री' काढतात. मला वाटते, त्या पूजेचा अर्थ नफ्याशी तेवढा नाही. या वहीत जे लिहिले जाईल ते खरे असेल, आणि जे नक्की ठाऊक नाही ते 'अंदाजे' म्हणून लिहिले जाईल, असा तो एक शब्द आहे. लिहिणाऱ्याने तो पाळायचा. पण वही उघडून पाहण्याचे काम आपले.

गेल्या पाडव्याला दादा आले. वहिनीही जिना चढून आल्या, कठड्याला हात न लावता. ओवाळणी झाली. दादांनी खिशातून पुन्हा एक कात्रण काढले. माझ्या छातीत धस्स झाले. पण त्याबरोबर त्यांनी दुसऱ्या खिशातून एक भिंग काढले आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवले.

"टिपांपासून सुरू कर," म्हणाले, "आणि मोठ्यानं वाच. हिलाही ऐकू दे."